‘व्हय’चा अर्थ

समर्थनगर, छत्रपती संभाजीनगर
७ फेब्रुवारी २०२५

श्रीमती कडूबाई दाभाडे यांस,
सप्रेम जयभीम.

रविवारी मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा माझ्या शेजारची तुमची खुर्ची रिकामी होती. तुम्ही पाणी आणायला गेला असाल, असे मी गृहीत धरले. ते गृहीतक चित्रपट संपेपर्यंत टिकले. पुढे टिकले नाही. दुसऱ्या दिवशी भावसिंगपुऱ्यात आले, तर दाराला कुलूप. शेजारच्या आशाबाईंनी सांगितले, ‘लेकीकडं सोयगावला गेल्या, कधी येतील ते बोलल्या नाहीत.’ दूरध्वनी मला पसंत नाही हे तुम्ही जाणता, म्हणून हे पत्र.

माझ्या भाचीने, मेघाने, तुमच्या-माझ्या मैत्रीवर एक विनोदी चित्रपट केला. निमंत्रितांसाठीच्या त्याच्या पहिल्याच खेळातून, ज्या दोघींवर तो बेतला आहे त्यांपैकी एक अर्ध्यातून उठून जाते, ही गोष्ट कारणावाचून घडलेली नसणार. मी विचार केला. मला तीन शक्यता दिसतात: चित्रपट खोटा आहे, किंवा तो खरा असून अपमानकारक आहे, किंवा तो तुमच्या संमतीवाचून केलेला आहे.

पहिली शक्यता टिकत नाही. निवृत्तीनंतर मी वैजापूरच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायला जात असे आणि त्या बसच्या वाहक तुम्ही होता. तुम्ही मला ‘पुढं सरका’ म्हणालात. मी म्हणाले, ‘पुढे हा सापेक्ष शब्द आहे, कोणाच्या पुढे ते सांगा.’ तुम्ही म्हणालात, ‘तुमच्या म्होरं जो उभा हाय त्याच्या मागं!’ हे सारे जसे घडले तसेच पडद्यावर आहे. चित्रपटाचे नावही त्यावरूनच ‘पुढं सरका’ ठेवले आहे.

दुसरीही टिकत नाही. वेरूळच्या लेण्यातील प्रसंग घ्या. पडद्यावरची वाहक गाइडच्या डोक्यावरून ओरडते, लेण्याच्या भिंती तिचाच आवाज परत फेकतात आणि गाइड कानांवर हात ठेवून विचारतो, ‘बाई, गाइड मी हाय का तुम्ही?’ सारे सभागृह हसत होते. मीही हसले. हसणे आणि हिणवणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली घडली एवढ्यावरून दुसरी सिद्ध होत नाही.

तिसरी. मेघाने माझ्या बैठकीत, माझ्यासमक्ष तुम्हाला विचारले होते, ‘तुमची दोघींची गोष्ट मी सिनेमात घेणार आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘व्हय.’ मेघा पुण्यात वाढलेली. तिने मला विचारले, ‘आत्या, काय म्हणाल्या त्या?’ मी सांगितले, ‘होकार आहे.’

तिन्ही शक्यता निकाली निघाल्या. तरी तुम्ही सोयगावातच आहात. तेव्हा चौथे काही असावे. ते कळवावे.

आपली,
संध्या मुळे

ता. क. गुरुवारी सिद्धार्थ उद्यानात आपल्या बाकावर बसले होते. एका गृहस्थाने शेजारी बसू का, असे बहुधा विचारले. मी नाही म्हणाले.


सोयगाव
१४ फेब्रुवारी २०२५

जयभीम म्याडम,

पत्र पोचलं. लिफाफ्यावर टाइप केलेला पत्ता बघून जावयाला वाटलं कोर्टाची नोटीस आली. प्रेरणानं फोडून वाचलं अन् म्हणली, आई, म्याडमनी तुला तिन्ही पेपरात नापास केलं.

आता माझं ऐका. मी व्हय म्हणलं, हे खरं हाय. पण मी ‘व्हय.’ नव्हतं म्हणलं. मी ‘व्हय?’ म्हणलं. म्हंजी असं का? खरंच का? शेजारीण येऊन सांगती का बाई, रात्री आमच्याकडं चोर शिरला. आपण काय म्हणतो? व्हय? म्हणतो. मंग काय आपण चोराला परवानगी दिली?

पोरगी तुमच्याकडं वळली, तुम्ही तिला हो सांगून टाकलं, चहा आला, तिनं माझे पाय धरले. आता पाय धरणाऱ्या लेकराला नाय म्हणू का? मला वाटलं, तुम्ही दोघींनी ठरवलंय तं तुमच्या मनात असंल. गुमान बसले.

अन् खरं-खोटं म्हणता, तं सिनेमातली बाई तुम्हाला ‘नमस्कार’ म्हणती. मी कधी तुम्हाला नमस्कार म्हणलं? मी जयभीम म्हणते. आधी तुम्ही नुसती मान हलवायच्या, मंग तुम्हीबी म्हणायला लागल्या. ते कुठं गेलं? त्या बाईला सगळे भोंगाबाई म्हणतात. भोंगा लायब्रीत वरडतो, भोंगा दवाखान्यात वरडतो, भोंगा मयतीत वरडतो. बाईला दुसरं काही येतच नाय.

सिनेमाच्या जाहिरातीचे तुकडे इथं सगळ्यांच्या मोबाइलवर आलेत. गल्लीतले पोरं मला बघितलं का ‘पुढं सरकाऽऽ’ करतात. काल नात शाळेतून रडत आली. तिला म्हणतात, तुह्या आजीला सांग, शाळेची घंटा बंद पडली, तूच ये.

मी आता हळू बोलते म्याडम. इतकं हळू का जावई म्हणतो, मामी काय म्हणाल्या? मी म्हणते, काही नाय.

राग कशाचा ते मला सांगता येईल. पण लिहिता येत नाय. ते माझ्या एकटीचं नाय.

जपून राहा. कुकर लावला का तिथंच समोर खुर्ची टाकून बसत जा. आत जाऊन वाचत बसू नका.

तुमची
कडूबाई


समर्थनगर
२१ फेब्रुवारी २०२५

श्रीमती कडूबाई यांस,
जयभीम.

चोराचा दृष्टान्त मी मान्य करते. ‘व्हय’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक संमतीचा आणि दुसरा नुसत्या विस्मयाचा, आणि दोन्हींतला भेद केवळ स्वरात असतो, हेही मान्य. परंतु यातून निघते ते इतकेच, की ऐकणाऱ्याची चूक होऊ शकते. ती झाली, हे निघत नाही. मी तुमच्या अगदी समोर बसले होते. तुमच्या चेहऱ्याकडे एकाग्रतेने पाहत होते. तुमच्या ओठांवर मला प्रश्न दिसला नाही.

जयभीमविषयीचा तुमचा आक्षेप मात्र योग्य आहे. मी तो मेघाला कळवला आहे.

तुमच्या नातीचे वाचून वाईट वाटले. मुलांचे हे वेड ओसरेल.

‘माझ्या एकटीचं नाय’ हे विधान अपूर्ण आहे. एकटीचे नाही, तर आणखी कोणाचे? अपूर्ण विधानाला उत्तर देता येत नाही. कृपया पूर्ण करावे.

इकडील वर्तमान असे. कुकर नादुरुस्त झाला; बूड जळाले. त्याच सुमारास दारावरची घंटाही बिघडली असावी, कारण धूर पाहून शेजारचे इंद्रजीत आले आणि त्यांना दार तोडावे लागले. घंटा चालू आहे, असे त्यांचे म्हणणे. आमचा मतभेद आहे. दाराला तूर्त दोरी बांधली आहे.

गुरुवारी उद्यानात गेले नाही. हवा ठीक नव्हती.

तुम्ही हळू बोलता, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याने मी इतकी अस्वस्थ का व्हावे, हे मला सांगता येत नाही. कृपा करून हळू बोलू नका.

संध्या मुळे


समर्थनगर
६ मार्च २०२५

कडूबाई,

उत्तर नाही.

मी वाद घालण्यासाठी लिहीत नाही. चित्रपट १८ एप्रिलला सर्वत्र लागतो आहे. मध्यवर्ती बसस्थानकासमोर फलक चढला आहे, त्यावर त्या नटीचे उघडे तोंड दोन मजले उंच आहे. जाणारे-येणारे त्यापुढे उभे राहून तसेच तोंड करून छायाचित्रे काढतात. मी तो रस्ता सोडला. वळसा घालून क्रांती चौकातून येत होते, तेव्हा एका दुचाकीस्वाराचा धक्का लागला. पायाला किरकोळ दुखापत आहे. सारखा हॉर्न वाजवत होतो, असे तो म्हणे. तिथे जमलेल्या लोकांनीही तसेच सांगितले. मला ते मान्य नाही.

आता घराबाहेर पडत नाही. दूधवाला दोरीला पिशवी अडकवून जातो. गेल्या आठवड्यात कोणाशी बोलले, हे आठवू पाहिले, आठवले नाही.

तुम्ही कशाने दुखावलात, ते सांगा. माझे चुकले असेल तर चूक दाखवा. मी आयुष्यभर इतरांच्या चुका दाखवल्या. कोणी माझी दाखवली तर ती कशी स्वीकारायची, हे मला ठाऊक नाही, पण स्वीकारीन. फक्त मौन नको. मौनाला मला कोणताही अर्थ लावता येतो आणि मी रोज निराळा लावते आहे.

संध्या


सोयगाव
१२ मार्च २०२५

जयभीम म्याडम,

हॉर्नचं वाचलं अन् तशीच कागद घेऊन बसले. आता लिहिते. रागावला तं रागावा.

म्याडम, तुम्हाला ऐकू येत नाय.

मला पहिल्या दिवसापास्नं ठावं हाय. त्या दिवशी बसमधी मी आधी दोन-तीन डाव म्हणलं होतं, पुढं सरका. तुम्ही जागच्या हलल्या नाय. मंग तुमच्या तोंडापुढं येऊन म्हणलं, तं तुम्ही माझ्या ओठाकडं बघितलं अन् ‘सापेक्ष’ काढलं. मला वाटलं, बाई लई शिकलेली हाय, माजलीय. पुढच्या खेपांना बघत गेले, तेव्हा उमगलं. ऐकू आलं नाय का तुम्ही वाद काढता. वाद सुरू झाला का समोरचा दोनदा-तीनदा बोलतो, हातवारे करून बोलतो. तेवढ्यात तुम्ही समजून घेता. कुणालाच कळत नाय. लई हुशारी केली तुम्ही.

म्हणून मी तुमच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. माझा आवाज मुळात तसा नाय. बसमधी शिटी होती, वरडायची काय गरज? माझी आई मरेपर्यंत म्हणायची, कडू, जरा तोंड उघडून बोल. मी तोंड उघडलं ते तुमच्यासाठी. मंग सवयच लागली. चौकात, दवाखान्यात, लायब्रीत, तुमच्याबरोबर जिथं गेले तिथं वरडले.

वेरूळचं आठवतं का? त्या गाइडची मिशी ओठावर आलती. तुम्हाला काही दिसंना. तुम्ही नुसती मान डोलवू राह्यल्या होत्या, अन् एवढ्या मोठ्या देवळात तुम्ही अशा उभ्या होत्या जसं चुकलेलं लेकरू. म्हणून मी त्याचं एक-एक वाक्य तुमच्या कानापाशी वरडून सांगितलं. त्याला राग आला. येऊ द्या ना. तुमच्या तोंडावर हसू आलं, मला तेवढं बास झालं.

तेच सिनेमात आलं तं लोक लोटपोट झाले. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्हीबी हसत होत्या. पण तुम्ही पडद्याकडं बघून नव्हत्या हसत. शेजारच्यांचे तोंडं बघत होत्या, ते हसले का तुम्ही हसत होत्या. तेव्हा मला कळलं, तुम्हाला त्या सिनेमातलं एक अक्षर ऐकू आलं नाय. माझी काय दशा केलीय, ते तुम्हाला ठावंच नाय.

मला तुमच्या कानाशी वरडून सांगायचं होतं. अंधारात ओठ दिसंना तुम्हाला. अन् मी वरडले असते तं सगळं थेटर म्हणलं असतं, बघा, आला खरा भोंगा.

उभं राहून लोकांना सांगावं वाटलं का अरे, ही बाई उगाच नाय वरडत. पण मंग का वरडती ते सांगावं लागलं असतं. तुम्ही जे झाकून ठेवलं ते एवढ्या लोकात उघडं पडलं असतं. ते तुमचं होतं म्याडम. मला तुम्ही कधी सांगितलं नाय, मी कधी विचारलं नाय. मी कसं सांगू? सांगता येईना अन् बसवंना. म्हणून उठले.

काल आरशापुढं उभी राहिले. ‘व्हय’ म्हणलं. मंग ‘व्हय?’ म्हणलं. ओठ सारखेच हलतात. तुमची चूक नाय. पण मला आता काय करावं सुचत नाय. हळू बोलले तं घरच्यांना ऐकू जात नाय, मोठ्यानं बोलले तं गल्ली हसती. दोन्हीकडून बोलणंच गेलं माझं.

रस्त्यानं एकट्या जाऊ नका. तुम्हाला बाबासाहेबांची शपथ.

कडूबाई


समर्थनगर
२ एप्रिल २०२५

प्रिय कडूबाई,
जयभीम.

तुमच्या पत्राचे खंडन मी बरेच दिवस शोधले. दोन वेळा लिहूनही काढले. दोन्ही फाडले. नंतर मीही आरशासमोर उभी राहिले आणि तुमचा तो शब्द दोन्ही प्रकारे उच्चारला. तुमचे निरीक्षण अचूक आहे.

मेघाला मी जो होकार सांगितला, तो तुमचा नव्हता. माझ्या बैठकीत, माझ्या तोंडून, तुमच्या नावावर दिलेला तो माझा होकार होता. यावर अधिक युक्तिवाद संभवत नाही.

कानांविषयी. तज्ज्ञांकडे जाऊन आले. इंद्रजीत घेऊन गेले, म्हणजे तुमची शपथ मोडलेली नाही. डावा कान गेलेला आहे. उजव्यात थोडे उरले आहे आणि तेही जाते आहे. यंत्र लावून पाहिले. त्याने शब्द मोठे होत नाहीत, गोंगाट मोठा होतो. आता मी एक वाक्य लिहिते आहे, ते अलंकार समजू नये: तुम्ही सोयगावला गेल्यापासून मी मनुष्याचा आवाज ऐकलेला नाही. लोक ओठ हलवतात. मी ओठ वाचते; पडद्यावरचे जे थोडे संवाद तुम्हाला लिहिले, तेही ओठांवरूनच. उरलेल्या कानात बसेल असा आवाज एकच होता आणि तो मी पडद्यावर चेष्टेला दिला.

मेघाला बोलावून सारे सांगितले. तिला माझ्या कानांची कल्पना नव्हती. तिच्यापासून मी ते नीट लपवले होते. ती फार रडली. चित्रपट आता बदलता येत नाही, प्रती रवाना झाल्या आहेत. आरंभी एक ओळ घालते, असे ती म्हणाली. मी नको म्हणाले. आरंभीच्या ओळी कोणी वाचत नाही. लोक तेव्हा अंधारात आपली खुर्ची शोधत असतात. त्याऐवजी १८ एप्रिलच्या इथल्या पहिल्या खेळाआधी दिवे चालू ठेवून मी पडद्यासमोर उभी राहणार आहे. वार्ताहर येतील, मोबाइल रोखले जातील. तुमच्या नातीच्या शाळेपर्यंत जो तुकडा पोचला, त्याच वाटेने हाही पोचावा.

सांगणार ते एवढेच: ‘या चित्रपटातली वाहक ओरडते, कारण तिच्यासमोरची बाई बहिरी आहे. ती बाई मी. माझी मैत्रीण हळू बोलणारी आहे. तिने हे माझ्यासाठी केले आणि माझी लाज राखण्यासाठी स्वतःची घालवली. आता हसायचे तिथे हसा.’

सबंध हयात मी वर्गापुढे उभी राहिले. पण माझ्याविषयी एकही वाक्य कधी बोलले नव्हते.

अडचण पुढे आहे. माझे बोलून झाले की लोक काही विचारतील. मला ते ऐकू येणार नाही. मी एखादा शब्द पकडून वाद काढीन. तो माझा जुना बचाव आहे आणि त्या दिवशी तो करायचा नाही, असे मी ठरवले आहे. प्रश्न माझ्या कानाशी मोठ्याने सांगणारे कोणी शेजारी हवे. सगळ्या सभागृहासमोर, त्याच आवाजात. जिथे तुमची थट्टा झाली, तिथेच पुन्हा ओरडा, असे मी तुम्हाला सांगते आहे. हे मागण्याचा मला अधिकार नाही, हे ओळखूनच मागते आहे. तुम्ही आला नाहीत तरी मी बोलणार आहे. मग प्रश्न येतील, मी ओठ पाहत उभी राहीन आणि मान डोलवीन. वेरूळसारखी.

कडूबाई, याल का?

उत्तर लिहूनच द्यावे. ‘व्हय’ असे लिहिणार असाल, तर कृपया विरामचिन्हासह.

तुमची,
संध्या


सोयगाव
१० एप्रिल २०२५

जयभीम म्याडम,

तुमचं पत्र प्रेरणानं मोठ्यानं वाचलं. जावई जेवता जेवता थांबला. नात म्हणली, आजी, म्हंजी तू भोंगा नाय? तिला जवळ घेतलं.

थेटरात वरडायचं म्हणल्यावर मला लई भ्या वाटतं. इथं दोन महिन्यांत मी कुणाला मोठ्यानं हाक मारली नाय. आवाज बसलाय. परवा शेतात जाऊन एकटीच वरडून बघितलं, तं नुसती घरघर निघाली. बांधावरची म्हैस वळून बघायला लागली.

चौदा एप्रिल इथं झाली का सोळाची गाडी धरते. दाराची दोरी सोडू नका, मी आल्यावर सुतार बघू.

त्या दिवशी मी लोकाकडं तोंड करणार नाय. तुमच्याकडं करून उभी राहीन. आवाज फुटला नाय तं निदान ओठ तरी दिसतील. अन् दिवे बंद झाले का आपण दोघी उठून जाऊ. सिनेमा मला बघायचा नाय अन् तुम्हाला तो ऐकायचा नाय. बागेतल्या बाकावर बसू.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर खाली लिहिते. नीट बघा. पुढं हाय ते टिंब हाय, शाईचा डाग नाय.

व्हय.